पेन ड्राइव्हचा अभिषेक

टीव्हीच्या डब्याला, म्हणजे सेटटॉप बॉक्सला, पेन ड्राइव्ह लावताना मी देवाचं नाव घ्यायचे. कुणाला सांगितलं तर हसतील. हसोत बापडे. त्यांच्या घरात तिन्हीसांजेला उठून कुणी "ती कुठं गेली?" असं विचारत नाही.

आमच्या घरात अप्पा विचारायचे. अप्पा म्हणजे माझे वडील. माय जाऊन दोन पावसाळे झाले होते. सकाळी त्यांना ते बराबर ठाऊक असायचं, तिच्या फोटोला फूलही स्वतःच्या हातानं वाहायचे. पण दिवे लागायची वेळ झाली की सगळं पुसलं जायचं. मग ते उठायचे, टोपी घालायचे आणि तिला शोधायला दाराकडं निघायचे. आमचं घर हिंगोलीकडच्या गोरेगावात, अगदी रस्त्याला लागून. दारातून पाऊल बाहेर टाकलं की सेनगावकडं जाणाऱ्या जीपा आणि सोयाबीनच्या ट्रॉल्या, आणि या माणसाला मागून वाजलेल्या हॉर्नचं भान नाही. त्यांना उंबऱ्याच्या आत थांबवणारी एकच गोष्ट माझ्याकडं होती, आणि ती त्या बोटाच्या पेराएवढ्या पेन ड्राइव्हात होती.

त्यात माय होती.

ती माझ्या माहेरच्या खेड्यातल्या भजनी मंडळात टाळ वाजवायची. औंढ्याच्या अलीकडं आमचं ते खेडं. तिथल्या महादेवाच्या देवळात अप्पांचा उभा जन्म पिंडीला पाणी घालण्यात गेला. एका वर्षी कुठल्याशा चॅनेलची माणसं आली, बायकांची भजनं टिपून घेऊन गेली आणि अमक्या दिवशी दुपारी दाखवू असं सांगून गेली. मायचा मला फोन आला.

"पोरी, मी टीव्हीत येणार हाय. ते धरून ठिवता येतं का गं?"

"येतं की," म्हणाले मी. कसं येतं, हे मला कुठं माहीत होतं? पण मी शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, म्हणून मायच्या हिशेबी विजेवर चालणारी जगातली सगळी यंत्रं मला येत होती. तिचा तो विश्वास मोडायची माझी टाप नव्हती.

मग चौकशी सुरू केली. शाळेतले एक सर म्हणाले, रेकॉर्डिंगचा वेगळा डबा मिळतो, तो घ्या. त्याची किंमत ऐकून मनात आलं, त्यापेक्षा अख्खं भजनी मंडळ जीपनं घरी आणून जेवू घातलेलं स्वस्त पडेल. दुसरे म्हणाले, कॉम्प्युटरच्या पोटात एक कार्ड बसवायचं, मग टीव्ही थेट कॉम्प्युटरमध्येच येतो. आमच्या घरचा कॉम्प्युटर म्हणजे कुण्या ऑफिसानं टाकून दिलेला, सुरू होतानाच दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा. त्याचं पोट कोण उघडणार? शेवटी मी मोबाईल टीव्हीसमोर धरून बघितला, सराव म्हणून एका मालिकेवर. त्यात काय आलं तर खिडकीचा उजेड, कुकरची शिट्टी आणि बनियनवर समोरून जाणारा माझा नवरा.

आणि उपाय घरातच निघाला. आमच्या टीव्हीवर तो बिनभाड्याचा डबा आहे, छत्री एकदा बसवली की महिन्याचं काही द्यावं लागत नाही, तसला. तो ज्या खोक्यातून आला त्या खोक्यावरच लिहिलेलं होतं की मागं पेन ड्राइव्ह लावा आणि रिमोटचं लाल बटन दाबा. ते खोकं मी माळ्यावर लसूण ठेवायला घेतलं होतं. लसूण काढताना ते वाचनात आलं, नाहीतर या जन्मी काही कळलं नसतं.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढली. नवा पेन ड्राइव्ह खोचला, तर टीव्हीवर इंग्रजीत पाटी आली, यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? आत काहीच नव्हतं, तरी रिमोट हातात धरून मी तशीच बसून राहिले. नवरा मोटारी भरायचं काम करतो, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देतो. त्याला विजेची भीती कशी ती ठाऊक नाही.

"दाब की. बॉम्ब हाय का त्यो?" तो म्हणाला.

दाबलं. कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकायला लागला. कार्यक्रम संपेस्तोवर मी कुणाला पंख्याचं बटनसुद्धा लावू दिलं नाही. मध्ये एकदा लाईट मंद झाली, पण डब्यानं तग धरला.

माय दुसऱ्या रांगेत बसली होती, हिरव्या लुगड्यात, टाळांवर नजर. शेवटी सूत्रसंचालन करणारी बाई तिच्यापुढं माईक धरून विचारते, "मावशी, घरी कोण असतं?" माय आधी लाजते, मग म्हणते, "हे हायत की घरी. ताट झाकून ठिवून आले त्यांचं. कार्यक्रम झाला की येतेच म्हणले." झालं, एवढंच. मंडळातल्या बायका हसतात, मायही पदर तोंडाला लावून हसते.

त्या वर्षानंतर ती फार दिवस राहिली नाही. एका सकाळी चुलीपुढंच बसल्या जागी गेली. अप्पांना एकट्याला तिथं ठेवणं शक्य नव्हतं आणि मी एकुलती एक. लेकीच्या घरी बापानं राहायचं म्हणून लोक काय काय बोलले. अप्पांनासुद्धा ते जड गेलं. जावई घरात आला की पलंगावरून उठून उभे राहायचे. नवरा म्हणायचा, "अप्पा, बसा ना, मी काय साहेब हाव का?" तरी ते उभेच.

पहिले काही महिने मी तिन्हीसांजेला दाराला आतून कडी घालायचे. अप्पा कडीशी झटायचे, मग माझ्यावर ओरडायचे, मग लहान लेकरागत रडायला लागायचे. बापाला तसं रडताना बघणं कुणाच्या नशिबी येऊ नये. मी किती वेळा सांगितलं, अप्पा, माय गेली. दरवेळी त्यांना ती बातमी नवीन. दरवेळी त्यांचा चेहरा तसाच उतरायचा, पहिल्या दिवशी उतरला होता तसा. नंतर मी सांगणं सोडून दिलं.

एका संध्याकाळी मलाच राहवेना, म्हणून मी ते रेकॉर्डिंग लावलं. माझ्यासाठी लावलं होतं, रडायला. अप्पा दाराशी कडी खडखडवून राहिले होते. टाळांचा आवाज आला आणि त्यांचा हात थांबला. हळूहळू आत आले, टीव्हीपुढं बसले. मायनं ताट झाकून ठेवल्याचं सांगितलं तशी त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, ताट कुठं झाकलंय बघ बरं."

मी पळत जाऊन ताट वाढलं, वरून दुसरं ताट झाकलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी झाकण उघडून पोटभर खाल्लं, हात धुतले आणि झोपले.

मग ते रोजचं झालं. दिवे लागले की पेन ड्राइव्ह, टाळ, माय, झाकलेलं ताट. रोज ती कार्यक्रमाला गेलेली असायची आणि रोज येणार असायची. खोटं होतं, मला काय कळत नव्हतं का? पण त्या खोट्यावर माझा बाप जेवत होता.

आता नवरा म्हणायचा, आणि बरोबरच म्हणायचा, की याची एक नक्कल करून ठेव. मी विचारायचे, कशावर? तर म्हणे, कॉम्प्युटरवर. आणि तिथंच माझं घोडं अडायचं.

कारण कॉम्प्युटरचं मला जेवढं माहीत आहे त्यात निम्मी भीतीच आहे. शाळेत एकदा बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह मी ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावला, तर त्यातला व्हायरसचा रोग आत शिरला आणि पोरांच्या माहितीचे सगळे फोल्डर बघता बघता नुसते बाण होऊन बसले. उघडायला जावं तर आत काही नाही. मुख्याध्यापक माझ्याकडं असं बघत होते जणू मी शाळेला आग लावली. पुढं ती माहिती परत मिळाली. दुसऱ्यांदा घरच्या कॉम्प्युटरवर लाल खिडकी आली, भोंगा वाजायला लागला, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरला ताबडतोब फोन करा. मी फोन केला नाही, सरळ भिंतीतली पिनच उपटली. तेव्हापासून त्याच्यावर फडकंच टाकून ठेवलं होतं, मेलेल्या माणसावर टाकतात तसं. हल्ली फोन लावायला जावं तर आधी फसवणुकीचीच टेप वाजते, अमकं सांगू नका, तमकं दाबू नका. ऐकून ऐकून माणसाला श्वास घेतानाही वाटावं की काहीतरी चुकीचं दाबलं जाईल.

"त्या रोगट कॉम्प्युटरला मी मायला लावू?" असं मी नवऱ्याला म्हणायचे.

तो हसायचा. आणि विषय तिथंच राहायचा. त्यालाही नक्की कुठं माहीत होतं?

कधीकधी टीव्हीवर पाटी यायची की डिव्हाइस नाही. अप्पा मागं टोपी घालत असायचे. मी पेन ड्राइव्ह काढायचे, फुंकर मारायचे, पदराला पुसायचे, परत खोचायचे आणि मनातल्या मनात महादेवाला हात जोडायचे. टाळ वाजले की मी ताट वाढायला उठायचे.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी ज्याच्या जिवावर घर चालतं ते सगळं पाटावर मांडतात. नवऱ्याचे पाने, पक्कडी, तार भरायचा साचा. माझा विळा, कातर, आणि कॉम्प्युटरचा माऊस, कारण त्याच्यावरही माझा पगार चालतो, भीती कितीही वाटो. धुवायचं ते धुवून, हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहायचं. सकाळची वेळ, अप्पा चांगले शुद्धीवर होते. म्हणाले, "पोरी, पूजा मी करतो. दूध, दही, मध, तूप, साखर दे मला." मला तर आनंदच झाला. त्यांच्या हातांना काम मिळालं की त्या दिवशी तकलीफ कमी व्हायची. मी पाच वाट्या भरून दिल्या आणि पुरणाकडं वळले.

बाहेरच्या खोलीतून मंत्र ऐकू येत होते. आवाज कसा खणखणीत, देवळात यायचा तसा. माझे डोळे भरून आले. पुरण हलवता हलवता मी म्हणाले, बघ माय, अप्पा किती बरे आहेत आज.

नैवेद्य घेऊन बाहेर आले तर अप्पा ताम्हणावर शेवटचं पाणी सोडून राहिले होते. ताम्हणात दुधादह्याचा चिखल, वर बेलाचं पान, आणि त्याच्या मधोमध पेन ड्राइव्ह.

माझ्या हातातलं ताट तिथंच कलंडलं.

"अप्पा, हे काय केलं?"

त्यांनी शांतपणे वर बघितलं. "घटाचे दिवस हायत पोरी. देव बसलेले हायत, त्यांना हलवता येत न्हाई, न्हाऊ घालता येत न्हाई. मग हिला घातलं."

"हिला?"

"तुझी माय याच्यातच बसती ना."

संध्याकाळी या माणसाला बायकोचं मरण आठवत नाही, पण नवरात्रात देव हलवू नयेत हे आठवतं. आणि रोज संध्याकाळी टीव्हीच्या मागं पोरगी काय खोचते, त्यात कोण असतं, हेही सकाळच्या अप्पांना समजत होतं. मी तिथंच फरशीवर बसले. अप्पांनी माझ्या कपाळाला तीर्थाचं बोट लावलं.

पेन ड्राइव्ह पाण्याखाली धरला, पुसला, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. त्या संध्याकाळी मी मेन स्विच बंद केला आणि अप्पांना सांगितलं, लाईट नाही. लाईट नाही हे आमच्याकडं कुणालाही पटतं. समईच्या उजेडात ते जरा कुरकुरले आणि झोपले. दसऱ्याला सोनं द्यायला दिवसभर माणसं आली, त्या गडबडीत तीही संध्याकाळ निभावली. तिसऱ्या दिवशी मी पेन ड्राइव्ह तांदळातून काढून डब्याला लावला. डिव्हाइस नाही. काढला, लावला, काढला, लावला. नाहीच. शेवटी देवाचं नाव घेऊन कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं आणि त्याला लावला. बराच वेळ धापा टाकून तो म्हणाला, वापरण्याआधी हे फॉरमॅट करावं लागेल. करायचं का?

मी माऊसवरचा हात असा काढला, जणू तापल्या तव्याला लागला.

नवऱ्यानं पेन ड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि हिंगोलीची जीप धरली. तिथं एक दुकान आहे, पुसलं गेलेलं परत काढून देतात असं ऐकलं होतं. दुपारी त्याचा फोन आला. दुकानदार म्हणतो, आतली चिप शाबूत दिसते, पण वेळ लागेल, उद्या मिळेल. थांबू का? मी म्हणाले, थांबा. पेन ड्राइव्ह एकट्याला सोडून येऊ नका. आता हे काय बोलणं झालं? पण बोलले.

म्हणजे ती संध्याकाळ अप्पा आणि मी, दोघंच.

ऊन कलायला लागलं तशी मला धडकी भरली. मेन स्विच पुन्हा पाडायचा तर शेजारच्या घरात टीव्ही मोठ्यानं चालू, अप्पांना ऐकू जाईल. कडी घातली तर परत ते रडणं. मी ताट वाढून झाकून ठेवलं आणि टीव्ही नुसताच लावून बसले. अप्पा टोपी घालून आले. टीव्हीवर कुठल्याशा बातम्या लागलेल्या. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"आज भजन न्हाई?"

"न्हाई अप्पा. आज न्हाई."

"संपला व्हय कार्यक्रम?"

मी घाबरून पटकन म्हणाले, "व्हय, संपला." आणि बोलता क्षणी कळलं, आपण काय बोललो. कार्यक्रम चालू होता तोवर ती तिथं होती. कार्यक्रम संपला म्हणजे ती निघाली असणार. अप्पांचा चेहरा असा उजळला, की तसा मी मायच्या मागं कधी बघितलाच नव्हता.

"मंग येईलच आता," म्हणाले आणि झाकलेल्या ताटाशेजारी बसून राहिले. मी ताट पुढं सरकवलं तर म्हणाले, ती आल्यावर दोघं बसू.

दूध उतू चाललं म्हणून मी आत गेले. गॅस बंद केला, ओटा पुसला. तेवढाच वेळ. बाहेर आले तर ताट होतं, टीव्ही चालू होता, दार सताड उघडं होतं.

मी पायात चप्पलही घातली नाही. रस्त्यावर आले तर दोन्हीकडं दिव्यांचे झोत. एक ट्रॉली हॉर्न वाजवत गेली. टपरीवरच्याला विचारलं, म्हातारं माणूस दिसलं का, टोपीवालं? तो म्हणाला, स्टँडाकडं गेले बघा. मी धावत सुटले. भर बाजारातून, पदर कुठं, केस कुठं, लोक काय म्हणतील याची शुद्ध नव्हती. मनात एकच, की रस्त्यावर कुठं गर्दी जमलेली दिसू नये. गर्दी दिसली असती तर तिकडं जायला माझे पाय उचलले नसते.

अप्पा जीपस्टँडावर होते. हिंगोलीची जीप नुकतीच रिकामी झाली होती, आणि ते उतरणाऱ्या एकेका बाईच्या तोंडाकडं बघून राहिले होते. हातात आमची बॅटरी. मायला रातच्याला दिसायचं नाही, म्हणून अप्पा तिला घ्यायला बॅटरी घेऊनच जायचे.

"अप्पा," मी हाक मारली. ओरडलेच.

त्यांनी बॅटरीचा उजेड माझ्या तोंडावर टाकला. मी तशीच उभी, धापा टाकत, अंगावर घरातलं हिरवं लुगडं. लोक म्हणतातच, पोरगी मायच्या वळणावर गेली.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. "केवढा उशीर. जीप मिळाली न्हाई का?"

आधी वाटलं, मलाच म्हणतात. मग तो आवाज कळला. तसल्या आवाजात अप्पा माझ्याशी कधी बोलले नाहीत. तसं ते एकाच माणसाशी बोलायचे. माझ्या तोंडात "अप्पा, मी हाय" आलं होतं. मी तसं बोलले असते तर परत सगळं सांगावं लागलं असतं, भर स्टँडावर, दिव्यांच्या झोतात, आणि अप्पा हाताला हिसका देऊन रस्त्यावर धावले असते तर? मी घाबरले. त्या भीतीपोटी मी माझ्या बापाला "अहो" म्हणाले.

"जीप उशिरा निघाली. चला अहो, घरी."

ते लगेच निघाले. रस्ताभर बॅटरीचा उजेड माझ्या पायापुढं टाकत होते. घरी आल्यावर त्यांनी ताट उघडायला लावलं, मलाही बसवलं. जेवता जेवता देवळातल्या गोष्टी सांगत राहिले, मी "हं, हं" करत राहिले. इतके खुशीत, इतके निवांत मी त्यांना या घरात कधीच बघितलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि मी खात होते. मनाला एकच आधार होता, सकाळ होईल. सकाळी अप्पा बरे असतात.

सकाळी मी त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हसले आणि म्हणाले, "अगं, पाणी तापलं का अंघोळीचं?"

मायच्या फोटोला त्या दिवशी त्यांनी फूल वाहिलं नाही. फोटोकडं बघितलंसुद्धा नाही.

दुपारी नवरा आला. जीपमधून उतरला तोच हसत. रात्री हिंगोलीत पाहुण्यांकडं पडला होता, पण दुकानात सकाळपासून बसून काम करून आणलं होतं. सगळंच्या सगळं निघालं म्हणाला. एकाच्या जागी दोन पेन ड्राइव्ह केलेत, कसला रोगबीग नाही, तपासून घेतलेत. आत आला आणि तसाच टीव्हीकडं निघाला. मी त्याचा हात धरला.

"लावू नका."

"काहून?"

काय सांगू? की काल संध्याकाळपासून या घरात माय आलेली आहे? टीव्हीत दुसरी माय दिसली तर अप्पा कुणाला खरी मानतील? तिला मानलं तर परत टोपी, परत रस्ता. आणि मला मानलं तर? ज्या पेन ड्राइव्हसाठी मी जीव टाकत होते तो समोर धडधाकट होता, आणि आता मला त्याचीच भीती वाटायला लागली होती. मी तोंड उघडणार तोच अप्पा पलंगावरून उठून उभे राहिले, नेहमीसारखे, जावई दिसला म्हणून.

"या जावईबापू," ते म्हणाले. त्यांनी दाराबाहेर वाकून बघितलं, मग रस्त्याकडं बघितलं. "एकलेच आलात? आमच्या पोरीला काहून न्हाई आणलं?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं.

"लई दिस झाले तिला बघून," अप्पा म्हणाले. "रागावली का आमच्यावर? काही चुकलं असंल तर सांगा. पण पाठवा तिला."

"येईल अप्पा," नवरा कसंबसं म्हणाला. "घेऊन येतो."

त्यानं परत चपला घातल्या आणि पायरी उतरून अंगणात उभा राहिला. आणायला जायचं कुठं, ते त्याला कळेना.

अप्पा माझ्याकडं वळले, खूश होऊन. "ऐकलं का? पोरगी येऊन राहिली. तिच्या आवडीचं काहीतरी कर."

"काय करू?" मी विचारलं.

त्यांना आठवावं लागलं नाही. "धपाटे कर. तीळ लावून. आणि कडेला जरा करपलेलं धपाटं बाजूला ठिव, तेच लागतं तिला. लहानपणापासून त्याच्यासाठी भांडती."

मी आत गेले, परातीत पीठ घेतलं, आणि माझी वाट बघत दारात बसलेल्या बापासाठी धपाटे थापायला लागले.